सवलतीची किंमत आणि वस्तूचें मोल

गेल्या सहामाहींत एके दिवशीं मधल्या सुटींत दहावीच्या वर्गांतील पांचसहा विद्यार्थी माझ्याकडे आले. एकाच्या हातांत वर्तमानपत्राची पुरवणी होती व तिच्यांत लाल अक्षरांनीं छापलेली एक जाहिरात होती. "सर, पासष्ट टक्के सवलत! आणि ती उद्यांपर्यंतच आहे," असें तो धापा टाकीत म्हणाला. वस्तु होती गाणीं वाजविण्याचें खिशांत मावणारें यंत्र, ज्यास आपण म्यूझिक प्लेअर म्हणतों तें. छापील किंमत ६,९९९ रुपये. सवलतीची किंमत २,४४९ रुपये.

हें यंत्र त्यांस स्वतःसाठीं नको होतें, हें आधींच सांगितलें पाहिजे. त्यांच्या वर्गांत बोर्डिंगमध्यें राहणारा एक विद्यार्थी आहे. त्याची दृष्टि लहानपणापासून अधू असून गेल्या दोन वर्षांत ती इतकी मंद झाली आहे कीं, पुस्तकांतील अक्षरें त्यास भिंगानेंहि नीट लागत नाहींत. त्याचे सोबती रात्रीं आळीपाळीनें त्यास धडे वाचून दाखवितात. परंतु परीक्षा जवळ आली म्हणजे वाचणाराला स्वतःचा अभ्यास असतो, आणि ऐकणाराला "पुन्हां एकदां वाच" असें म्हणण्याचा संकोच वाटूं लागतो. बोर्डिंगमध्यें मोबाईल बाळगण्यास मनाई आहे. तेव्हां सर्व धडे एकदां मोठ्यानें वाचून ध्वनिमुद्रित करावे व ते त्यानें हवे तेव्हां, हवे तितक्या वेळां ऐकावे, अशी युक्ति या मुलांनीं काढली. रद्दी विकून व खाऊचे पैसे वांचवून त्यांनीं २,५०० रुपये जमविले होते. पैसा थोडा, पुन्हां जमण्याची आशा नाहीं, आणि निवड चुकली तर वर्ष फुकट जाणार तें दुसऱ्याचें! म्हणून त्या दिवशीं मीं बीजगणिताचें पुस्तक मिटून ठेविलें व याच विषयावर तास घेतला. त्यांतील व त्यानंतर बाजारांत घडलेला कांहीं भाग येथें लिहीत आहें.

मीं पहिला प्रश्न विचारला तो असा: "पासष्ट टक्के, पण कशाचे?" टक्का म्हणजे दोन संख्यांमधील संबंध, त्यांतील एक संख्या पोकळ असली कीं सबंध टक्काच पोकळ होतो. छापील किंमत म्हणजे कायद्याच्या भाषेंत कमाल किरकोळ किंमत. वेष्टनांत बांधून विकल्या जाणाऱ्या मालावर ती छापावी लागते व तिच्याहून अधिक पैसे गिऱ्हाइकाकडून घेतां येत नाहींत. परंतु अशा यंत्रांच्या बाबतींत ती किती असावी हें उत्पादक किंवा परदेशाहून माल आणणारा व्यापारीच ठरवितो. ती छताची उंची होय. छत उंच बांधलें म्हणून घरांतील माणूस ठेंगणा होत नाहीं. खरी तुलना करावयाची ती वस्तु एरवीं ज्या भावानें विकली जाते त्या भावाशीं. सुदैवानें एका मुलाच्या मोठ्या भावानें हेंच यंत्र दोन महिन्यांपूर्वीं २,८९९ रुपयांस घेतलें होतें व त्याची पावती घरीं होती. ४५० रुपये कमी, म्हणजे सुमारें साडेपंधरा टक्के. सवलत खोटी नव्हती. पण ती पासष्ट टक्क्यांची नव्हती. आणि 'उद्यांपर्यंतच' असलेली ती सवलत पुढल्या महिन्यांतहि चालूच होती, हें जातां जातां सांगून ठेवितों.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. तो, हें यंत्र काय काय करतें, असा नव्हे. तर आपणांस त्याच्याकडून काय करून घ्यावयाचें आहे, असा. जाहिरातींत गुणांची यादी असते, आणि यादी जितकी लांब तितकी वस्तु चांगली अशी आपली समजूत होऊन बसते. या समजुतीस एक जुनें उत्तर आहे. जपानांत सोनी कंपनीनें १ जुलै १९७९ रोजीं 'वॉकमन' नांवाचें कॅसेट वाजविणारें यंत्र ३३,००० येन किंमतीस विक्रीस काढलें. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांस विमानाच्या लांबच्या प्रवासांत संगीत ऐकावयाचें होतें. त्यासाठीं बातमीदारांच्या उपयोगाचें एक लहान ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन त्यांतील ध्वनिमुद्रणाची सोय व बाहेर बोलणारा स्पीकर काढून टाकण्यांत आले, आणि दोन कानांस दोन वेगळ्या बाजूंचा आवाज देणारी योजना बसविण्यांत आली. जें यंत्र कॅसेट भरूं शकत नाहीं, नुसतें वाजवितें, तें कोण घेणार, अशी शंका तेव्हां पुष्कळांनीं घेतली. गुण वजा केलेलें यंत्र! पण जें एक काम लोकांस हवें होतें तें त्यानें चोख केलें, आणि पुढें जगभर लोक कानांस तारा लावून चालूं लागले. आपल्याकडे २०१७ सालीं सारेगामा कंपनीनें 'कारवां' नांवाची, जुन्या रेडिओसारखी दिसणारी पेटी काढली. तींत ५,००० हिंदी गाणीं आधींच भरलेलीं होतीं. याच्या कितीतरी पट काम करणारा मोबाईल ज्यांच्या खिशांत होता, अशा मुलांनींच ती आपल्या आईवडिलांसाठीं विकत नेली. कारण आईवडिलांस गाणें शोधावयाचें नव्हतें, ऐकावयाचें होतें.

मग फळ्यावर आम्हीं आपल्या मित्राची गरज लिहिली. डोळ्यांची मदत न घेतां यंत्र सुरू व बंद करतां यावें. वाक्य निसटलें तर थोडें मागें जातां यावें. इतिहासावरून भूगोलावर जातां यावें. काल जेथें थांबलों तेथून आज पुढें ऐकतां यावें. रात्रीचा अभ्यास संपेपर्यंत बॅटरी टिकावी. जाहिरातींतील यंत्रांत रंगीत पडदा होता, चित्रपट पाहण्याची सोय होती, छायाचित्रें ठेवण्याची जागा होती, बिनतारी हेडफोन जोडण्याची सोय होती आणि आवाजाचा रंग बदलण्याच्या वीस तऱ्हा होत्या. मुलें यादी वाचीत गेलीं तसतशीं हसूं लागलीं. ज्याच्यासाठीं यंत्र घ्यावयाचें त्यास त्या पडद्याचा उपयोग भिंतीपेक्षां अधिक नव्हता.

शनिवारीं आम्ही शहरांत गेलों. बरोबर तो विद्यार्थीहि होता. ज्याला वस्तु वापरावयाची त्यास घरीं ठेवून वस्तु निवडणें मला नेहमींच चमत्कारिक वाटत आलें आहे. दुकानदारानें सवलतीचें यंत्र काढून दिलें. दिसावयास तें खरोखर सुरेख होतें. मीं सहा मुलांस सांगितलें, "डोळे मिटा आणि दुसरा धडा लावून दाखवा." सर्व पृष्ठभाग गुळगुळीत कांचेचा, बोट कोठें ठेवावें याची खूणच नाहीं. सहापैकीं एकासहि तें साधलें नाहीं. एकानें तर घड्याळाची वेळच बदलून टाकली. दुकानदारहि हसला, व त्यानें खालच्या कप्प्यांतून एक जाडसर, दिसण्यांत गांवठी असें यंत्र काढलें. त्यास आंकड्यांचीं उठावदार बटणें होतीं व पांचाच्या आंकड्यावर एक बारीक उंचवटा होता. आंकडा दाबला कीं त्या क्रमांकाची फाईल लागे. किंमत १,२९० रुपये, सवलत कांहीं नाहीं. येथें सहापैकीं पांचांस दुसरा धडा लागला. आमच्या मित्रानें तें हातांत घेतलें, एकदां सर्व बाजूंनीं चांचपलें व कोणी न सांगतां बारावी फाईल लावली.

तथापि या यंत्रांतहि एक उणीव निघाली, ती लपविणें योग्य होणार नाहीं. जेथें थांबलों तें ठिकाण तें लक्षांत ठेवी, पण फक्त शेवटच्या फाईलचें. इतिहास अर्धा सोडून भूगोल ऐकला कीं इतिहासाची खूण पुसली जाई. यावर मुलांनींच उपाय काढला: धडा सलग न भरतां पांचसहा मिनिटांचे तुकडे करावे व प्रत्येकाच्या आरंभीं त्याचा क्रमांक बोलावा. वस्तूंतील उणीव आपल्या थोड्या श्रमानें भरून निघत असेल तर ती पत्करावी. जी कशानेंच भरून निघणार नाहीं, ती असतांना किंमत किती उतरली आहे याचा विचारच करूं नये. कांचेच्या पडद्याचें तसें होतें.

आतां साठवणीकडे वळूं. जाहिरातींत सर्वांत ठळक आंकडा हाच असतो आणि सर्वांत सोपें गणितहि याचेंच आहे. यंत्रांत ध्वनि आंकड्यांच्या रूपानें ठेविलेला असतो. कॉम्पॅक्ट डिस्कवर डाव्या व उजव्या बाजूच्या आवाजाचीं दर सेकंदास प्रत्येकीं ४४,१०० मापें असतात, व प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलेलें असतें. ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट दर सेकंदास. आठ बिटांचा एक बाईट, या हिशेबानें मिनिटास सुमारें साडेदहा मेगाबाईट, आणि चार मिनिटांच्या गाण्यास बेचाळीस. हा पसारा फार मोठा. कानास जें ऐकूं येणार नाहीं तें गाळून थोडक्यांत ध्वनि लिहिण्याची एमपी-थ्री ही पद्धति निघाली, व तिच्यांत जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा मोठा वाटा आहे. या पद्धतीनें सेकंदास १२८ किलोबिट धरल्यास तेंच गाणें ३.८४ मेगाबाईटांत बसतें. १९९८ सालीं या जातीचीं पहिलीं खिशांतील यंत्रें बाजारांत आलीं तेव्हां त्यांची साठवण ३२ मेगाबाईट असे. म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचें संगीत! पुढें ॲपल कंपनीनें २३ ऑक्टोबर २००१ रोजीं आयपॉड जाहीर केला. किंमत ३९९ डॉलर, साठवण ५ गिगाबाईट, आणि जाहिरात अशी कीं १,००० गाणीं खिशांत. मुलांनीं ती फळ्यावर पडताळून पाहिली. ५,००० मेगाबाईटांस १,००० नें भागिलें तर गाण्यास ५ मेगाबाईट मिळतात. सेकंदास १६० किलोबिट व गाणें चार मिनिटांचें धरलें तर लागतात ४.८. जाहिरात हिशेबास उतरली.

आमच्या समोरच्या सवलतीच्या खोक्यावर लिहिलें होतें: '३२ गिगाबाईट, ८,००० गाणीं'. १२८ किलोबिटांनीं हा हिशेब बरोबर येतो. परंतु त्याच खोक्यावर 'डिस्कच्या तोडीचा अस्सल आवाज' असेंहि लिहिलें होतें. आणि डिस्कच्या मापानें आवाज ठेवावयाचा तर ८,००० नव्हे, सुमारें ७५० गाणीं बसतील. दोन्हीं वाक्यें आपापल्या जागीं खरीं असतीलहि. पण तीं एकाच वेळीं खरीं नसतात. खोका वाचतांना हें ध्यानांत ठेवावें.

पण आमची गरज किती? बोलका आवाज सेकंदास ६४ किलोबिटांत स्वच्छ राहतो, तासास २८.८ मेगाबाईट होतात. पुस्तकें दहा, पानें सर्व मिळून सुमारें १,५००, व एक पान सावकाश वाचावयास तीन मिनिटें. एकूण ७५ तास. ७५ × २८.८ = २,१६० मेगाबाईट. म्हणजे दहावीचें सबंध वर्ष सव्वादोन गिगाबाईटांत मावतें! हा आंकडा फळ्यावर उमटल्यावर वर्गांत क्षणभर शांतता पसरली. ३२ गिगाबाईटांच्या मोहानें आम्ही जे पैसे देणार होतों त्यांचा बहुतेक भाग कायम रिकाम्या राहणाऱ्या जागेचें भाडें ठरला असता.

येथें दोन सूचना. संगणकास जोडल्यावर ३२ च्या जागीं २९.८ दिसलें तर दुकानदारावर रागावूं नये. खोक्यावर हजाराच्या पटींत मोजतात, पुष्कळ संगणक १,०२४ च्या पटींत मोजतात. मात्र दुसरी लबाडी खरी असते, आणि तिचा फटका मला स्वतःस बसला आहे. आठ वर्षांपूर्वीं एका बाजारांत रस्त्याच्या कडेला मीं एक प्लेअर अर्ध्या किंमतीस घेतला. वर '६४ गिगाबाईट' असें लिहिलेलें होतें व संगणकहि तेंच दाखवी. माझ्या वडिलांचें वय तेव्हां एक्याऐंशी होतें. त्यांच्या लहानपणच्या दुष्काळाच्या हकीकती, जुनीं माणसें, शेतांचीं नांवें, असें पुष्कळ कांहीं मीं त्यांच्याच तोंडून त्या यंत्रांत भरून घेतलें, आणि भरवशावर दुसरीकडे त्याची नक्कल ठेविली नाहीं. त्यांच्या निधनानंतर ऐकावयास बसलों तों फायलींचीं नांवें सर्व जागच्या जागीं, पण पहिल्या कांहीं सोडल्या तर आंत आवाज नाहीं. यंत्रांतील चिप खरी फार लहान होती. फक्त तिनें आपली मोठी साठवण सांगावी अशी तिला शिकवण दिलेली होती. जागा संपल्यावर पुढचें सर्व हवेंत लिहिलें गेलें. तेव्हांपासून कोणतेंहि कार्ड किंवा यंत्र घेतलें कीं पहिल्याच दिवशीं तें कांठोकांठ भरावें, व भरलेलें परत संगणकावर उतरवून मूळाशीं ताडून पाहावें, असा माझा नियम आहे. यास एक संध्याकाळ लागते. मीं ती त्या वेळीं वांचविली होती.

बॅटरीविषयीं जाहिरात फार कमी बोलते, आणि जुना माल स्वस्त विकतांना मुळींच बोलत नाहीं. या यंत्रांत बहुधा लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ती वापरल्यानें झिजते हें सर्वांस ठाऊक आहे. पण ती खोक्यांत नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते, उष्ण जागीं तर अधिकच लवकर, आणि पूर्ण रिकामी होऊन फार दिवस राहिली तर कधीं कधीं पुन्हां भरून घेतच नाहीं. म्हणून वेष्टनावर किंमतीच्या शेजारीं निर्मितीचा महिना व वर्ष छापलेलें असतें तें आधीं वाचावें. सवलतीच्या यंत्राच्या खोक्यावर जी तारीख होती तिला दोन वर्षें नऊ महिने उलटून गेले होते. सवलतीचें कारण बारीक अक्षरांत तेथेंच लिहिलेलें होतें म्हणाना! शिवाय ती बॅटरी आंत कायमची बसविलेली. ती संपली कीं यंत्र संपलें. 'वीस तास' या शब्दांवर एक चांदणी होती, व खोक्याच्या तळाशीं त्या चांदणीचा अर्थ दिला होता: पडदा बंद, आवाज मध्यम, हेडफोन तारेचा. ज्या मुलाच्या भावानें हें यंत्र घेतलें होतें, त्यास बिनतारी हेडफोन लावून नऊ तास मिळत. उलट त्या गांवठी यंत्रांत साध्या बटणांच्या मोबाईलमध्यें बसते तसली, झांकण उघडून काढतां येणारी बॅटरी होती, आणि तसली दुसरी २४० रुपयांस मिळत होती. आमच्या बोर्डिंगांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. एक बॅटरी यंत्रांत व एक भरलेली पेटींत, ही सोय कोणत्याहि 'वीस तासां'हून मोठी.

आवाजाच्या शुद्धतेवर फार लिहीत नाहीं. निकोप तरुण कानास सेकंदास साधारण २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात, व डिस्कचीं ४४,१०० मापें एवढ्यास पुरतात. त्याहून मोठे आंकडे छापलेले असले तरी त्यांसाठीं अधिक पैसे देण्यापूर्वीं चांगला इअरफोन घ्यावा, कारण फरक तेथें ऐकूं येतो. दोन यंत्रें ताडून पाहतांना दोहोंचा आवाज सारखा उंच ठेवावा. मोठा आवाज कानास नेहमीं चांगला वाटतो, हें विकणाराला माहीत असतें. जो मुलगा डोळ्यांनीं अधू आहे त्यास कान हेंच धन, म्हणून एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढांनीं ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये, आणि मुलांसाठीं ती मर्यादा ७५ डेसिबलची आहे. शेजारीं बसून बोललेलें ऐकूं येईल इतकाच आवाज ठेवावा, म्हणजे मापयंत्र नसलें तरी पुष्कळ काम भागतें.

राहिला परावलंबनाचा प्रश्न. सवलतीच्या यंत्रांत गाणीं भरण्यासाठीं कंपनीचें एक विशिष्ट ॲप मोबाईलवर घ्यावें लागे व त्यांत नांव नोंदवावें लागे. असें यंत्र विकत घेतलें तरी पूर्णपणें आपलें होत नाहीं. त्याचा एक धागा दूरच्या कोणाच्या तरी हातांत राहतो. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीनें २००६ सालीं 'झून' नांवाचा प्लेअर काढला. त्याच्या ३० गिगाबाईटांच्या जातीवर ३१ डिसेंबर २००८ रोजीं मोठी मजेशीर आपत्ति आली. तें लीप वर्ष होतें. आंतील घड्याळाच्या हिशेबांत तीनशें सहासष्टावा दिवस कसा मोजावा याची चूक राहून गेली होती, व त्या दिवशीं तीं यंत्रें हिशेबांतच फिरत राहून जागच्या जागीं गोठलीं. उपाय काय, तर बॅटरी पूर्ण संपूं द्यावी व दुसऱ्या दिवशीं दुपारनंतर यंत्र सुरू करावें! पुढें २०११ सालीं कंपनीनें तीं यंत्रें काढणें बंद केलें व १५ नोव्हेंबर २०१५ रोजीं त्यांची संगीतसेवाहि बंद केली. ज्यांनीं आपलीं गाणीं स्वतःच्या साध्या फायलींत ठेविलीं होतीं त्यांचीं वाजत राहिलीं; ज्यांनीं महिन्याची वर्गणी भरून उसनीं घेतलीं होतीं त्यांचीं गेलीं. ॲपलनेंहि १० मे २०२२ रोजीं आयपॉडची जात संपल्याचें जाहीर केलें. कंपन्या वस्तु काढतात आणि बंदहि करतात, त्यांत दोष नाहीं. म्हणून दुकानांतच विचारावें: ही कंपनी उद्यां हें सोडून गेली तर नुसत्या तारेनें किंवा कार्डानें यांत फाईल भरतां येईल काय? त्या गांवठी यंत्राचें उत्तर सरळ होतें. कार्ड काढावें, भरावें, घालावें.

दुकानदार भला होता, तरी पावतीवर "विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं" असा शिक्का मारावयास त्याचा हात गेलाच. मीं त्यास विनयानें सांगितलें कीं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें सदोष माल पावतींत लिहिलेल्या मुदतींत, व मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्याचें नाकारणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणें हीहि तशीच. त्यानें शिक्का बाजूस ठेविला. मुलांस हें फार आवडलें. सवलतीच्या मालास हा कायदा लागत नाहीं, अशी त्यांची समजूत होती, ती गेली. हमी कोणाची, दुकानाची कीं कंपनीची, आणि दुरुस्तीची जागा कोणत्या गांवीं, हेंहि त्याच वेळीं पावतीवर लिहून घेतलें. तक्रार करावयाची झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. तो एका मुलानें पावतीच्या मागें टिपून ठेविला.

यंत्र १,२९०, सोळा गिगाबाईटांचें कार्ड ३८०, दुसरी बॅटरी २४०, इअरफोन ३००. एकूण २,२१० रुपये. उरले २९०, ते पुढील दुरुस्तीसाठीं वर्गाच्या पेटींत ठेविले आहेत. ज्याच्या भावानें तें कांचेचें यंत्र घेतलें होतें तो मुलगा वाटेंत थोडा खट्टू दिसला. त्यास मीं म्हटलें कीं, तुझा भाऊ रोज गाडीनें शहरांत जातो, त्यास गाणीं हवीं, चित्रें हवीं. त्याच्या हातांत तें यंत्र योग्यच आहे, फक्त त्यानें पैसे वांचविले ते चार हजार नव्हेत. मुलगा हसला.

शाळेच्या संगणकावर ध्वनिमुद्रण सुरू झालें असून आजपर्यंत इतिहास पूर्ण व भूगोल अर्धा झाला आहे. आमच्या श्रोत्याची एकच तक्रार आहे. इतिहासाचा पहिला धडा ज्यानें वाचला तो खेळाच्या तासास जाण्याच्या घाईंत होता, व सनावळी एका दमांत म्हणून गेला आहे. तो धडा येत्या शनिवारीं पुन्हां भरावयाचा आहे.